पवईचा तलाव आणि उसना सायकलमार्ग

‘शाश्वत शहरां’च्या तुलनात्मक तक्त्यांत सायकलमार्गांचे किलोमीटर मोजतात. मुंबई महापालिकेने ते शोधले कुठे? मगरींच्या पवई तलावाकाठी, थेट पाणथळीत! १८९१च्या सुमारास मुंबईची तहान भागवण्यास बांधलेल्या या तलावाचे पाणी पिण्याजोगे ठरले नाही. म्हणून काठही फुकटचा मानावा काय? मे २०२२मध्ये उच्च न्यायालयाने हे काम बेकायदा ठरवून जागा पूर्ववत करण्यास सांगितले. (याचिकाकर्त्यांत आयआयटीचे संशोधक विद्यार्थी होते, हे आपल्या पिढीने विसरू नये.) नेदरलँड्समध्ये १९७०च्या दशकात मोटारींखाली मुले दगावत होती, लोक रस्त्यावर उतरले आणि सायकलसाठीची जागा मोटारींकडून घेतली गेली. पवईच्या तलावालगत जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्ता धावतो. त्याची एक मार्गिका मागण्याचे धाडस त्या आराखड्यात नव्हते.