क्रीडांगण : बेरीज आणि वजाबाकी

युनायटेड रग्बी चँपियनशिपचा नवा हंगाम जवळ आला आहे. २००१ सालीं वेल्स, आयर्लंड व स्कॉटलंड यांच्या १५ संघांनीं ही स्पर्धा आरंभिली, तेव्हां त्यांत एकट्या वेल्सचे ९ संघ होते. पुढें इटली व दक्षिण आफ्रिका येऊन मिळाले. २०२२ चें अजिंक्यपद तर केपटाउनच्या स्टॉर्मर्सनीं नेलें. वेल्सचे संघ मात्र २००३ मध्यें एकत्रीकरणानें ५ झाले, २००४ मध्यें एक मोडून ४ उरले, आणि २०२५ च्या ऑक्टोबरांत तेथील रग्बी-मंडळानें ते ३ करण्याचें ठरविलें. द्रव्यबळ अपुरें, हें खरेंच. परंतु २००४ मध्यें मोडलेल्या संघाबरोबर पाँटिप्रिड या कोळशाच्या खोऱ्यांतील गांवाचें स्पर्धेंतील स्थानहि गेलें, तें परत आलें नाहीं. वाचकांनीं गुणतक्त्याबरोबर ही वजाबाकीहि ध्यानांत ठेवावी.