‘जमते’ म्हणजे किती जमते?

पिपरी मेघेतल्या अंगणवाडी सेविकेला पर्यवेक्षिकेने ‘मोबाइलवर नोंदी जमतात ना?’ असे विचारले, तर ‘हो, जमतात’ हेच उत्तर येणार. वरिष्ठांना नाही कोण म्हणेल? कॅनडातील संशोधक कॉम्पो आणि हिगिन्स यांनी १९९५ मध्ये संगणकाविषयीचा आत्मविश्वास मोजणारी दहा प्रश्नांची पट्टी तयार केली. तिचा प्रश्न वेगळा आहे: शेजारी सांगणारे कोणी नसेल तर काम पार पाडाल का, आणि किती खात्रीने? एक ते दहापैकी आकडा सांगा.

अशी पट्टी मराठीत आणायला नुसते भाषांतर पुरत नाही. मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत करायचे, फरक शोधायचे, मग सेविकांनाच ‘यातून काय समजले?’ असे विचारायचे. सगळ्या सेविका स्त्रिया. प्रश्नात ‘मी करू शकतो’ छापले, की पहिल्याच ओळीला ठेच. शेवटी खरी कसोटी: जास्त आकडा सांगणारी प्रत्यक्षात बिनचूक नोंद करते का?

२०२१ मध्ये राज्यातील सेविकांनी निकृष्ट मोबाइल शासनाला परत केले. पोषण ट्रॅकर इंग्रजीत असल्याचीही तक्रार होती. अशा वेळी ‘ताईंना जमत नाही’ म्हणणे सोपे असते. यंत्र, भाषा की आत्मविश्वास, नेमके कुठे अडते हे कळले नाही, तर प्रशिक्षण भलतीकडेच होते आणि बाळाचे वजन नोंदवायचे राहून जाते. सेवाग्राम आणि सावंगीची वैद्यकीय महाविद्यालये जवळच आहेत. पुढचे ॲप हाती देण्याआधी शासनाने त्यांच्याकडून हे तपासून घ्यावे, तेही वऱ्हाडी बोलणाऱ्या सेविकांसोबत बसून.