सत्तेचा अपरिग्रह

१९३९ च्या मार्चमध्ये हिटलरचे सैन्य प्रागमध्ये शिरले. युरोपात लोकशाही माघार घेत होती. त्याच वर्षी जानेवारीत ७२ गावांच्या औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपले राज्याधिकार प्रजेच्या स्वाधीन केले. महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली घटना सिद्ध झाली. साताऱ्यातील औंधपासून आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीपर्यंत गावाचा कारभार निवडून दिलेल्या पंचायतींकडे आला. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, प्रयोग थांबला.

आज जगभर लोकशाहीच्या भवितव्याची चिंता व्यक्त होते. सत्ता निवडणुकीने मिळते. ती सोडण्याचा संयम मात्र कोणताही कायदा देत नाही. राजाने तो दाखविला. प्रजेला मिळालेली ती ठेव ग्रामसभेकडे पाठ फिरविणाऱ्यांच्या हाती कितपत सुरक्षित राहील?