एक गाडी सोडून देऊ या

सकाळी साडेसातच्या सुमारास मुंब्र्यातल्या कुठल्याही इमारतीच्या जिन्यात उभे राहा. मजल्यामजल्यावरून एकच आवाज ऐकू येतो, "डबा घेतलास? पास घेतलास? पळ लवकर, गाडी जाईल!" आमच्या घरातूनही हा आवाज रोज यायचा आणि तो माझाच असायचा. आज त्याच आवाजाबद्दल लिहायचे आहे.

माझा थोरला मुलगा मस्जिद बंदरच्या बाजारात एका दुकानात हिशेब लिहितो. पोचायला दहा मिनिटे उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापला जायचा. म्हणून ठरलेली गाडी चुकवायची नाही, हा आमच्या घरचा कायदाच झाला होता. पण ती गाडी मुंब्र्याला येते तेव्हा तिची अवस्था काय असते, हे मी कधी पाहिले नव्हते.

मुंब्र्याची ही वाट फार जुनी आहे. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले. पारसिकचा डोंगर आणि खाडी यांच्या मधून ही वाट वळणे घेत जाते. 1916 साली डोंगरातून सरळ बोगदा झाला आणि जलद गाड्या बरीच वर्षे तिकडून गेल्या. मुंब्र्याच्या वाट्याला धिम्या गाड्या राहिल्या. 1992-93 च्या दंगलीनंतर आपल्यातली अनेक कुटुंबे मुंबई सोडून इथे आली. घर इथे आले, रोजी मात्र भायखळा, मस्जिद, कुर्ला इथेच राहिली. म्हणून सकाळी सगळे एकाच दिशेला निघतात, आणि कल्याण, डोंबिवली, दिव्याकडून येणारी गाडी इथे येण्याआधीच भरलेली असते.

9 जून 2025 चा सोमवार आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने जात असताना दारांत उभे असलेले प्रवासी रुळांवर पडले. त्याच दिवशी चौघांचा मृत्यू झाला, आणखी कितीतरी जखमी झाले. माझा मुलगा त्या गाड्यांत नव्हता. पण तासभर त्याचा फोन लागत नव्हता. तो तास कसा गेला, हे ज्यांच्या घरचे कोणी लोकलने जाते त्यांना सांगायला नको.

रात्री जेवताना मी त्याला म्हणाले, "बेटा, दारात उभा राहत जाऊ नकोस."

तो शांतपणे म्हणाला, "अम्मी, हौसेने कोण उभा राहतो? आत शिरायलाच मिळत नाही. आणि ती गाडी सोडायची म्हटली, तर सकाळी पळ पळ म्हणून तूच ओरडतेस."

माझ्याकडे उत्तर नव्हते. धाकट्याने मध्येच तोंड घातले, "ज्याची वेळ आली तो दारात काय आणि घरात काय!" त्यावर मुलांचे अब्बा म्हणाले, "उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे एकाने विचारले, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) त्याला काय सांगितले? आधी बांध, मग भरवसा ठेव. तकदीरचे नाव घेऊन हात सोडायचा नसतो."

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम मुलाबरोबर फलाटावर गेले. गाडी जेमतेम वीस-तीस सेकंद थांबते. तेवढ्यात उतरणारे उतरतात आणि चढणारे चढतात. दारात माणसांची भिंत, पण खिडकीतून पाहिले तर आतल्या बाकांच्या मधल्या जागेत दोन-तीन जण सहज मावले असते. आतले पुढे सरकत नव्हते, कारण उतरताना दारापर्यंत पोचू की नाही, ही त्यांनाही धास्ती. महिलांच्या डब्यातही हेच. दूर जाणाऱ्या बायका दाराशी, आणि लेकराला कडेवर घेतलेली आई फलाटावर.

त्या दिवसापासून आम्ही घरात तीन गोष्टी ठरवल्या.

पहिली गोष्ट माझ्यासाठी. भाजी रात्रीच चिरून ठेवायची, कपडे रात्रीच इस्त्री करायचे. फजरच्या नमाजनंतर पुन्हा अंथरुणात शिरायचे नाही, मीही नाही आणि मुलानेही नाही. घरातून वीस मिनिटे आधी निघायचे. म्हणजे समोर आलेली गाडी फारच भरलेली असेल तर ती सोडून देता येते. सकाळी "पळ" हा शब्द आमच्या घरात बंद झाला.

दुसरी गोष्ट मुलासाठी. आत शिरायला मिळाले की दाराशी थांबायचे नाही, आत सरकायचे आणि दुसऱ्यालाही सरकायला सांगायचे. पाठीवरची बॅग छातीशी घ्यायची. कुरआनात सूरह मुजादलाच्या अकराव्या आयतीत बैठकीत जागा करून देण्याची शिकवण आहे. जो दुसऱ्यासाठी जागा करतो, त्याच्यासाठी अल्लाह जागा करतो. लोकलच्या बाकावर तिघांच्या जागेत चौथ्याला टेकू देणारी आपली माणसे आहेत. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी अनोळखी माणसाच्या हातावर खजूर ठेवणारीही हीच माणसे. मग दारात लटकलेल्यासाठी चार पावले आत सरकणे अवघड का वाटावे? त्याच्याही घरी कोणी वाट पाहत असते.

तिसरी गोष्ट मुलांच्या अब्बांनी केली. जुम्याच्या दिवशी ते दुकानाच्या शेठना भेटले. भांडण केले नाही, सवलतही मागितली नाही. "पंधरा मिनिटे उशीर झाला तर संध्याकाळी पंधरा मिनिटे जास्त थांबवून घ्या, पण अर्धा दिवस कापू नका," एवढेच म्हणाले. शेठ लगेच कबूल झाले नाहीत. शेवटी महिन्यातून चार दिवसांची सूट मिळाली. थोडी आहे, पण त्या चार दिवसांत मुलाने चार भरलेल्या गाड्या सोडल्या.

हे वाचणाऱ्यांत दुकाने, कारखाने चालवणारे भाऊही आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्याकडचा कारागीर दहा मिनिटे उशिरा आला, तर त्याने कदाचित एक गाडी सोडलेली असेल. त्याला शिक्षा करू नका.

रेल्वेने नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचे जाहीर केले आहे. गाड्या वाढाव्यात, दारे लवकर यावीत, म्हणून मागणी करत राहिलेच पाहिजे. सगळा दोष मुलांच्या माथी मारणे हा अन्याय होईल. पण दारे येईपर्यंत घरात जे करता येईल ते थांबवून ठेवायचे कशाला? आपले स्टेशन मुंब्रा असो, मीरा रोड असो की कुर्ला, हे सगळीकडे करता येईल. पासासोबत घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. गाडीत अडचण आली तर रेल्वेचा 139 आणि रेल्वे पोलिसांचा 1512 हे क्रमांक मुलांना पाठ करायला सांगा.

परवा मुलगा संध्याकाळी उशिरा आला. पूर्वी मी दारातच विचारले असते, "इतका वेळ कुठे होतास?" तो चपला काढत म्हणाला, "अम्मी, दोन गाड्या सोडल्या." मी चहाचे आधण ठेवले.

त्या सोमवारी जे घरी परतले नाहीत, त्यांच्या आईवडिलांना अल्लाह सब्र देवो, आणि आपल्या सगळ्यांची माणसे रोज संध्याकाळी सुखरूप घरी आणो. आमीन.