तलवार विकत मिळत नाही

या दिवाळीत मी खैरलांजीला होतो. नाव वाचून दचकू नका. २००६ सालच्या हत्याकांडामुळे आपल्या सगळ्यांच्या मनात रुतून बसलेली खैरलांजी भंडारा जिल्ह्यातली. ही तिच्याच नावाची, पण मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातली. माझी धाकटी बहीण तिथे दिली आहे. घरात मराठी, पोवारी आणि हिंदी यांची खिचडी चालते आणि घराबाहेर भाताची शेतं. भात दिसला की गोव्याच्या माणसाला परकं वाटत नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी घरात रडारड. तेरा वर्षांच्या भाच्याने आईच्या मोबाइलवरून एका खेळातली तलवार मिळवली होती. थेट विकत नव्हे. पैसे भरून एक बंद पेटी घ्यायची, आत जे निघेल ते आपलं. हवी ती तलवार निघेपर्यंत धान विकून आलेल्या पैशांतले चार हजार गेले होते.

"मामाजी, पण तलवार भेटली ना जी!" तो रडता रडता मलाच समजावत होता.

भावोजींचा संताप साहजिक होता, पण त्यांचं निदान मला पटलं नाही. "हे सगळं परदेशी खूळ. राक्षस, जादू, मंतरलेल्या तलवारी! आपल्या संस्कृतीशी याचा काय संबंध?" असं ते म्हणाले. हीच वाक्यं मी पणजीतल्या आणि म्हापशातल्या सभांतूनही ऐकली आहेत. तेव्हा भावोजींशी अर्धवट राहिलेला वाद इथेच पुरा करतो.

मंडळी, दोष तलवारीचा नाही, जादूचा नाही आणि परदेशाचाही नाही. दोष दुकानाचा आहे.

या साऱ्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ साली काढला. पडदा नाही, यंत्र नाही. टेबलाभोवती चार मित्र, कागद, पेन्सिल आणि फासे. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापलं पात्र होऊन बोलतात. पुण्याच्या हॉस्टेलमध्ये आम्ही झेरॉक्स केलेल्या पानांवरून हा खेळ खेळलो. वीस बाजूंचा फासा कुठून आणणार? स्टीलच्या डब्यात वीस चिठ्ठ्या टाकून भागवलं.

त्या जुन्या खेळात मंतरलेली वस्तू मिळायची कशी, ते ऐका. दुकान नव्हतं. भुयारात उतरायचं, पहारेकऱ्याला हरवायचं किंवा चकवायचं, आणि मग तिथे काय आहे ते बघायचं. पुष्कळदा सूत्रधार फासे टाकून तक्त्यावरून ते ठरवी. मिळालं तरी ते काय आहे हे कुणी सांगत नसे. काढा असेल तर घोटभर चाखून बघा, अंगठी असेल तर बोटात घाला. ती शापित निघाली तर भोगा. वाटेल तेवढं सामान मावणाऱ्या पिशवीसारखीच दिसणारी दुसरी एक पिशवी होती. ती पिशवी नव्हतीच, आत हात घालणाऱ्याला गिळणाऱ्या प्राण्याचं ते तोंड होतं! काही तलवारींना स्वतःची बुद्धी आणि अहंकार असे. धनी दुबळा निघाला तर तलवारच त्याला चालवी. १९७९ च्या सूत्रधाराच्या पुस्तकात अशा वस्तूंपुढे किंमत छापलेली आहे, पण ती वस्तू विकली तर काय मिळेल याची. घ्यायला जाल तर बाजार नाही.

आता सांगा, हे परकं वाटतं?

कर्णाला वासवी शक्ती मिळाली ती अंगावरची कवचकुंडलं कापून दिल्यावर. तीही एकदाच वापरायची. अर्जुनासाठी राखलेली ती शक्ती घटोत्कचावर खर्ची पडली. पाशुपतास्त्रासाठी अर्जुनाला तप करावं लागलं, किरातरूपी शंकराशी झुंजावं लागलं. अश्वत्थाम्याची गोष्ट तर भाच्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. त्याने कृष्णाकडे सुदर्शन चक्र मागितलं, बदल्यात आपलं अस्त्र देऊ केलं. सरळ सौदा. कृष्ण म्हणाला, घे. अश्वत्थाम्याला ते जागचं हलवता आलं नाही. पुढे त्याने ब्रह्मशिर सोडलं आणि ते मागे घेणं त्याला जमेना. शेवटी मस्तकावरचा मणी द्यावा लागला. अस्त्र हातात असणं आणि अस्त्राला लायक असणं यांतलं अंतर व्यासांनी इतक्या थोडक्यात सांगून ठेवलं आहे.

आणि खेळाची रीत म्हणाल, तर पेडण्याच्या जत्रेत रात्रभर दशावतारी काला पाहिलेल्या माणसाला ती शिकवायला नको. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, प्रसंग ठरतात आणि नट रंगमंचावर उभा राहून बोलणं रचतो. समोरचा काय बोलेल ते त्यालाही माहीत नसतं. अमेरिकन पोरांनी टेबलाभोवती बसून जे केलं, ते आपले कलाकार मृदंग-पेटीच्या साथीने पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. हातातली तलवार लाकडी असते, पण ती मिळवण्यासाठीचा वनवास प्रेक्षकाने पाहिलेला असतो. म्हणून ती खरी.

इथे एखादा चाणाक्ष वाचक मला पकडेल. फासे तिथेही होते ना? मग तोही जुगारच! नाही. जत्रेतल्या गडगड्यावर पैसे लावणारा आणि सोंगट्यांचा डाव मांडणारा, दोघेही फासेच टाकतात. फरक पणाला काय लागलं आहे यात आहे. आमच्या खेळात पणाला लागायचं ते कल्पनेतल्या वीराचं आयुष्य, आणि फासे टाकायचा तो समोर बसलेला मित्र. त्याला माझ्या हरण्यातून एक पैही मिळत नव्हती. भाच्याच्या खेळात फासा दुकानदाराच्या हातात आहे आणि पणाला लागलं आहे बापाचं धान. बेल्जियमने २०१८ साली अशा विकतच्या पेट्या जुगारात मोजल्या, ते उगीच नव्हे. आपण मांडवीतल्या कॅसिनोंच्या नावाने बोटं मोडतो. तिथे आत शिरताना निदान वय तरी विचारतात.

दुकान एका दिवसात आलं नाही, हेही कबूल करतो. २००० साली त्या जुन्या खेळाचीच तिसरी आवृत्ती आली. तिच्यात प्रत्येक मंतरलेल्या वस्तूची बाजारभावाने किंमत आली आणि कुठल्या आकाराच्या गावात किती किमतीपर्यंतचा माल मिळेल याचा तक्ताही आला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत ही यादी सूत्रधाराच्या पुस्तकातून उठून खेळाडूंच्याच पुस्तकात गेली. सोय झाली, तक्रारी मिटल्या, आणि तलवारीचं वाणसामान झालं. तो पैसा निदान खोटा होता. मोबाइलवाल्यांनी फक्त खरा मागितला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने यादी पुन्हा सूत्रधाराकडे दिली, याचा मला आनंद आहे. पण तोवर एक पिढी दुकानातच वाढली होती.

म्हणून म्हणतो, संस्कृतिरक्षकांनो, मुलांच्या हातून तलवार काढून घेऊ नका. ती कशी मिळवायची ते दाखवा. त्या रात्री खैरलांजीत वीज गेली. मी भाच्याला आणि शेजारच्या तीन पोरांना घेऊन कंदिलाभोवती बसलो. चिठ्ठ्या केल्या, स्टीलचा डबा घेतला. भुयार, दार, पहारेकरी. दोन तासांनी भाच्याला एक गंजकी तलवार मिळाली. ती शापित आहे की नाही हे त्याला अजून कळलेलं नाही. मी निघेपर्यंत तो तेच विचारत होता. चार हजारांच्या तलवारीचं नावही त्याने पुन्हा काढलं नाही.

एक शेवटचं. महाप्रस्थानाच्या वाटेवर अग्नी आडवा येतो आणि गांडीव मागतो. अर्जुन ते पाण्यात सोडून देतो. मिळवलेलं होतं, म्हणून त्याला ते स्वतःच्या हाताने परत करता आलं. भाच्याची विकतची तलवार ज्या दिवशी कंपनी खेळ बंद करील त्या दिवशी नाहीशी होईल, आणि कुणी त्याला विचारणारही नाही.