उरलेलं काम आधी मोजा

पीएच.डी. करणाऱ्या मुलीचं लग्न होतं, घरात मूल येतं, आणि प्रबंध निम्म्याच्या पुढे सरकलेला असताना नवऱ्याला दुसऱ्या गावची चांगली नोकरी चालून येते. कधी ती नोकरी तिला स्वतःलाच येते. मग घरात चर्चा सुरू होते: आधी पदवी की आधी बदली? पंचवीस-तीस वर्षं विद्यार्थ्यांमध्ये वावरल्यामुळे ही चर्चा मी अनेक घरांत ऐकली आहे. बहुतेक ठिकाणी ती चुकीच्या प्रश्नापाशी अडून बसते, असं माझं ठाम मत आहे.

यंदा गणपतीनंतर हा पेच माझ्या भाचीच्या घरी पडला. जावई चाकणच्या एका कारखान्यात इंजिनिअर. त्यांना गुजरातेत साणंदला वरचं पद, दीडपट पगार आणि राहायला क्वार्टर मिळत होतं. भाचीचं वनस्पतिशास्त्रातल्या पीएच.डी.चं चौथं वर्ष. मुलगी तीन वर्षांची. जानेवारीत रुजू व्हायचं होतं आणि होकार-नकार महिन्याभरात कळवायचा होता.

सल्ले भरपूर मिळाले. माझे मेव्हणे म्हणाले, ‘आधी पदवी पदरात पाडून घे.’ तिच्या सासूबाईंचं म्हणणं, ‘संसार दोन गावांत मांडू नये, पोरीचे हाल होतात.’ मैत्रिणीने सुचवलं, ‘तिकडे जाऊन लिही की, लॅपटॉप तर तुझ्याजवळच आहे.’ तिन्ही बोलणी मायेची, तिन्हींत तथ्य. पण काम किती उरलंय, हे कुणीच विचारलं नव्हतं.

मी विचारलं. ती म्हणाली, ‘मावशी, दोन प्रकरणं झालीत, तीन राहिलीत.’

‘तीन म्हणजे किती दिवसांचं काम?’

तिला सांगता येईना. यात तिचा दोष नाही. संशोधनात गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाला उरलेलं काम एकतर डोंगराएवढं दिसतं, नाहीतर ‘आता काय, लिहायचंच बाकी’ असं वाटतं. दोन्ही अंदाजांवर घराचा निर्णय बेतता येत नाही.

तिचा विषय सड्यांवरच्या गेंदाच्या जातींचा. कासला पावसाळ्यानंतर सीतेच्या आसवांच्या निळ्या-जांभळ्या ताटव्यांत पांढऱ्या गोल बोंडांची जी फुलं डुलताना दिसतात, तो गेंद. त्याच्या जाती एकमेकींसारख्या इतक्या, की ओळख पटवायला बोंडातलं इवलंसं फूल आणि बी भिंगाखाली धरावं लागतं. कास, चाळकेवाडी, मसाई अशा पठारांवरून तिने नमुने आणले, वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून वाळवले, जाड कागदांवर चिकटवले, प्रत्येकाखाली ठिकाण, तारीख, उंची लिहिली. ते गठ्ठे मी पाहिले आहेत. मुलगी पोटात असतानाही ही पोर पुस्तकं घेऊन बसलेली मी पाहिली आहे.

त्या संध्याकाळी आम्ही तिची वही उघडली आणि पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे पुण्यात किंवा सड्यावर राहूनच होईल असं काम, उजवीकडे कुठेही बसून होईल असं. डावीकडे पहिली ओळ आली ती कोरेगाव पार्कजवळच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या हर्बेरियममधले जुने नमुने स्वतःच्या नमुन्यांशी ताडून पाहण्याची. मग बियांची सूक्ष्मदर्शकाखालची छायाचित्रं. मग शंका असलेल्या जातींबद्दल मार्गदर्शक सरांसमोर बसून चर्चा. उजवीकडे नकाशे, तक्ते, संदर्भसूची आणि तीन प्रकरणांचं लेखन. डाव्या बाजूला ती थांबली आणि एक प्रश्नचिन्ह काढलं: आणखी एक पावसाळा लागेल का?

सगळा निर्णय त्या प्रश्नचिन्हात होता. गेंद वर्षातून एकदाच फुलतो. एक हंगाम कमी पडला, तर पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत वाट पाहण्यावाचून इलाज नाही. दुसऱ्याच दिवशी ती सरांना भेटली. सरांनी नमुने पाहिले आणि सांगितलं, आणखी संकलनाची गरज नाही. वर्षभराचा वाटणारा प्रश्न तिथेच काही महिन्यांवर आला. हे विचारायला ती इतके दिवस का थांबली? कारण घरात सगळे पगार, क्वार्टर आणि बालवाडीबद्दल बोलत होते.

दुसरी गोष्ट नियमांची. विद्यापीठ अनुदान आयोगाची पीएच.डी.ची नवी नियमावली नोव्हेंबर २०२२ मध्ये आली. तिच्यानुसार किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची सोय आहे. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने स्त्रीला गाव बदलावं लागलं, तर काही अटींवर आपलं संशोधन दुसऱ्या संस्थेत नेता येतं. नोकरी करणाऱ्याला कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन अर्धवेळ पीएच.डी. करता येते. या सोयी हक्काच्या आहेत आणि त्या प्रत्येक घराला माहीत असायला हव्यात.

मात्र दहा वर्षांची मुदत हाती आहे म्हणून निर्धास्त राहू नये. नव्या गावात बिऱ्हाड लावणं, मुलीची शाळा, पाहुणे, आजारपणं यांत वर्षं कशी निघून जातात, हे मी हुशार मुलींच्या बाबतीत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. त्यातल्या कितीतरी जणींचे गठ्ठे आजही माळ्यावर आहेत. सादर झालेला प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात जातो, पुढच्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडतो. माळ्यावरचा गठ्ठा कुणालाच मिळत नाही.

याच नियमावलीत आणखी एक सोपी वाट आहे. प्रबंध सादर झाल्यावर तो किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो आणि ही प्रक्रिया सहा महिन्यांत पुरी व्हावी, अशी अपेक्षा आहे. त्या काळात गावात बसून राहायचं कारण नाही, तोंडी परीक्षेला येता येतं. म्हणजे घराने पदवी हाती पडेपर्यंत थांबायचं नसतं, सबमिशनपर्यंत थांबायचं असतं. एवढ्या फरकानेही कितीतरी घरांचा ताण हलका होईल.

परिस्थितीने शिक्षण मध्येच सोडावं लागलं, तरी परतीची वाट बांधून कसं निघावं, याचं मोठं उदाहरण आपल्यासमोर आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे डॉ. आंबेडकरांना १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. पण निघण्याआधी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेतली होती. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्राची मदत घेतली आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. पदरात पडली. त्या काळात मुंबईतला संसार ओढगस्तीत रमाबाईंनी ओढला. त्या पदव्यांचं मोल सांगताना रमाबाईंचं नाव घ्यायलाच हवं.

कारण तिसरा प्रश्न नेहमी हाच असतो: तेवढे महिने घर कोण बघणार? पुण्यात राहून प्रबंध लिहायचा आणि स्वयंपाक, मुलीचं आणणं-नेणं, आल्यागेल्याचं सगळं तिनेच करायचं, तर साणंद काय आणि पुणे काय, लेखन कुठेच होणार नाही. मी जावयांना म्हटलं, ‘तुम्ही दूर असताना रोजचे चार तास सलग तिला कोण मिळवून देणार, ते आज ठरवा.’ त्यांनी ते मनावर घेतलं. आईशी स्वतः बोलले. संसार दोन गावांत नको म्हणणाऱ्या सासूबाई जूनपर्यंत कराडहून पुण्याला येऊन राहायला तयार झाल्या. जावई जानेवारीत पुढे जातील, सुट्टी मिळेल तसे येतील. डाव्या बाजूचं काम मार्चपर्यंत, मेअखेर सबमिशन, जूनमध्ये भाची आणि तिची मुलगी साणंदच्या शाळेच्या तयारीला. तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहिल्या गेल्या.

हाच निर्णय सगळ्यांनी घ्यावा, असं मी म्हणणार नाही. वरिष्ठ संशोधकाला आज महिन्याला ४२ हजार रुपयांची फेलोशिप असते, पण ती वेळेवर हाती येईलच याची शाश्वती नसते. पदवीनंतरही आपल्या राज्यात कितीजण तासिका तत्त्वावर शिकवत वर्षं काढतात, हे डोळ्यांसमोर आहे. २०२३ पासून सहायक प्राध्यापक व्हायला नेट-सेट पुरते, पीएच.डी. सक्तीची नाही. घरावर कर्ज असेल, काम खरोखर दोन-तीन वर्षांचं उरलं असेल, विषयात जीव उरला नसेल, तर नोकरी धरणं हा शहाणपणाचा निर्णय आहे. त्यात कमीपणा मुळीच नाही. फक्त तो उरलेलं काम मोजून घ्यावा.

माझं मागणं दोघांकडे आहे. मार्गदर्शकांनी चौथ्या वर्षाला लागलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला बसवून घेऊन काय उरलंय आणि त्यातलं काय इथेच करावं लागेल, याची यादी करून द्यावी. सहामाही प्रगती अहवालाच्या बैठकीत यासाठी अर्धा तास सहज निघू शकतो. आणि घरच्यांनी सल्ला देण्याआधी ती यादी मागून घ्यावी, वाचावी आणि तिच्यातलं कुठलं ओझं आपण उचलू शकतो, ते बोलून दाखवावं. ‘तू ठरव, आमची ना नाही’ एवढं म्हटल्याने मुलीचा प्रबंध पुरा होत नाही. त्यासाठी घरातल्या कुणीतरी रोजचे चार तास आपल्या अंगावर घ्यावे लागतात.