दिवा मिळाला, हत्याराचे काय?

विजेच्या तारा पोहोचविणे अवघड अशा वस्त्यांतील घरांना केंद्र शासनाने २०१७ सालच्या ‘सौभाग्य’ योजनेत एक संच देऊ केला होता. दोनशे ते तीनशे वॅटचे सौर पॅनेल, एक बॅटरी, पाच दिवे, एक पंखा आणि एक प्लग. योजना मार्च २०२२ मध्ये संपली. रॉकेलच्या चिमणीतून एखादे घर सुटले असेल, तर त्या संचाला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु ही यादी ज्यांनी केली त्यांच्या डोळ्यांपुढे कोणते घर होते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. माणसे रात्री जेवतात, मुले अभ्यास करतात आणि उकाडा झाला की पंखा लावतात, एवढेच त्या घरात घडते असे या यादीवरून वाटते. त्याच घराच्या पडवीत लोहाराची ऐरण असते, सुताराचा रंधा असतो, शिवणयंत्र असते, याची दखल त्यात नाही. गरिबाचे घर हे कारखानाही असते, ही गोष्ट आपल्या नियोजनकर्त्यांच्या कधी ध्यानीच आली नाही.

पुढच्या योजनेत तर हा भेद अधिकच उघडा पडला. २०२४ साली आलेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे. ते मिळते मात्र विद्युत्‌जालाला जोडलेल्या छपरालाच. ज्याच्याकडे पक्के छप्पर आणि महावितरणची जोडणी आहे, त्याला वीजबिल कमी करण्यासाठी शासकीय साहाय्य. ज्याच्या वस्तीवर तार नाही किंवा आहे ती पावसाळ्यात आठ-आठ दिवस मृतवत असते, त्याने बॅटरीसह सारा खर्च स्वतः करावा! दुसऱ्या बाजूला, २०२३ सालची ‘विश्वकर्मा’ योजना सुतार, लोहार, कुंभार, शिंपी अशा अठरा व्यवसायांतील कारागिरांना अवजारांसाठी पंधरा हजार रुपये देते आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाखाचे, नंतर दोन लाखांचे कर्ज देते. अवजार एका खात्याचे, वीज दुसऱ्या खात्याची. कारागीर मात्र एकच आहे.

घरच्या कार्यशाळेला सौरवीज खरोखर पुरते काय, अशी शंका कार्यकर्तेही घेतात. तिचे उत्तर घोषणेत नाही, हिशेबात आहे. लोहाराचा भाता घ्या. भट्टी पेटती ठेवण्यासाठी घरातली बाई किंवा पोर तासन्‌तास भात्याशी अडकून पडते. त्या जागी बसणारा विजेचा लहान झोतपंखा शे-दोनशे वॅटवर चालतो. दिवसाचे पाच तास चालला तरी फार तर एक युनिट. शिवणयंत्राच्या मोटारीची भूक त्याहूनही कमी. पण इस्त्री! हजार वॅटची इस्त्री तासाभरात जेवढी वीज खाते, तेवढीत ते यंत्र दिवसभर चालेल. म्हणून सौरसंच बसविणाऱ्या शिंप्याने इस्त्री कोळशाची किंवा गॅसची ठेवावी, हे शहाणपणाचे. फिरविण्याचे काम विजेकडे आणि तापविण्याचे काम इंधनाकडे, एवढे पथ्य पाळले तर संच निम्म्या किमतीत भागतो.

सुताराचे गणित जरा कठीण. एक अश्वशक्तीचा यांत्रिक रंधा सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढतो, आणि तो क्षण सोसेल असा इन्व्हर्टर नसेल तर सारेच बंद पडते. दुकानदार पॅनेलचे वॅट सांगतो, हा क्षण सांगत नाही. त्या कामाला किलोवॅटभर पॅनेल आणि तीन किलोवॅटच्या आसपासचा इन्व्हर्टर धरावा. रंधा उन्हे चढल्यावर चालवावा, आखणी आणि जोडकाम सकाळ-संध्याकाळ ठेवावे, म्हणजे बॅटरीवरचा भार हलका होतो. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, आणि तीही तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. शेतीच्या अवजारांची दुरुस्ती मृगापूर्वीच्या कडक उन्हात येते, दिवाळीची शिलाई पावसाळा सरल्यावर येते. या धंद्यांना सूर्य सोयीचा आहे. पेणच्या मूर्तिकारांचा हंगाम मात्र ऐन पावसाचा. त्यांना केवळ सौरसंचाचा भरवसा देणे ही फसवणूक ठरेल.

आणखी एक आक्षेप तत्त्वाचा आहे, तो अधिक गंभीर आहे. अशा संचांचा पुरस्कार केला की वस्तीपर्यंत वीज नेण्याच्या जबाबदारीतून शासन अलगद सुटते, असे काही मित्र म्हणतात. ही भीती निराधार नाही. जेथे तार आहे आणि तिच्यात वीज आहे, तेथे बॅटरीची महागडी वीज वापरणे हा शौकच होय. परंतु तार येईतो लोहाराच्या मुलीने भाता ओढत राहावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? मागण्या दोन्ही एकाच वेळी करता येतात. खेड्यातील घरोघर वीज आली तर तिच्यावर अवजारे चालविण्यास आपली हरकत नाही, मात्र वीजघर गावाच्या किंवा राज्याच्या मालकीचे असावे, असे गांधीजींनी १९३५ साली म्हटले होते. लोहियांनी १९५२ साली पचमढीच्या अधिवेशनात लहान यंत्राचा विचार मांडला, तेव्हा त्या यंत्राला शक्ती कोठून मिळणार हा प्रश्न अनुत्तरितच होता. आज ती छपरावर उतरते आहे.

मालकीचा प्रश्न त्याने मिटत नाही. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते, पण इन्व्हर्टरचा एक भाग जळला की तालुक्याला खेप, आणि तेथेही कंपनीचा माणूस येईपर्यंत काम बंद. धडगाव तालुक्यातील बिलगावच्या आदिवासींनी २००३ साली श्रमदानाने पंधरा किलोवॅटचे लघुजलविद्युत केंद्र उभारले होते. २००६ साली ते पाण्याने गिळले. परंतु ते गावाने उभारलेले गावाचे केंद्र होते, हे विसरता कामा नये. पाच-दहा कार्यशाळांची मिळून एक सहकारी संस्था, तिच्याकडे बॅटरी बदलण्याचा निधी आणि आयटीआयमधून शिकून आलेला गावचाच एक दुरुस्ती करणारा, एवढी व्यवस्था झाली तर संच अडगळीत जाणार नाहीत.

विश्वकर्मा योजनेच्या कर्जात सौरसंचाचा समावेश व्हावा आणि ‘सूर्यघर’चे ७८ हजार रुपये तार नसलेल्या कार्यशाळेलाही मिळावेत, या दोन मागण्यांची निवेदने कार्यकर्त्यांनी तालुक्या-तालुक्यातून द्यावीत. त्यांत तिसरीही घालावी. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर पॅनेलवरील वस्तू-सेवा कर बारावरून पाच टक्क्यांवर आला, बॅटरीवरचा मात्र अठरा टक्के आहे. बंगल्याच्या छपराला बॅटरी लागत नाही. ती लागते पाड्यावरच्या लोहाराला.